अतिलानोची वेगळी नळी

माझं दुकान म्हणजे एक टेबल, एक विटकी छत्री आणि एक लाकडी खल. ओव्हिएदोच्या बस स्टँडमागे, बसच्या सीटा शिवायच्या वर्कशॉपच्या बरोब्बर समोर मी बावीस वर्षं बसते आहे. गिऱ्हाईक आपला थर्मास पुढे करतं, काय होतंय ते सांगतं, मी हवा तो पाला, हवं ते मूळ कुटून त्या गार पाण्यात टाकते, आणि मग ते पाणी कडू पत्तीवर ओतून, नळीनं ओढत त्याचं दिवसभर तेरेरे चालतं. डॉक्टरशी माणूस खोटं बोलतो, पाद्र्याला अर्धंच सांगतो. मला मात्र खरं सांगावं लागतं, कारण भलता पाला पोटात गेला तर परसाकडे धावायला त्यालाच लागतं. गावात कुणाचं पित्त खवळलंय, कुणाला मूतखडा झालाय आणि कुणाला काल जरा जास्तच झाली होती, हे मेयरच्या आधी मला कळतं.

अतिलानोचं मात्र मला काही विचारावंच लागत नसे, कारण त्याला सगळंच होत असे. वय सेहेचाळीस, हात सोन्याचे, डोकं मात्र भित्र्या कोंबडीचं. बसची फाटलेली सीट त्याच्या हाताखालून गेली की नवरीसारखी सजून निघायची. पण तीन वर्षांपूर्वी त्याच्या कोपराला एक गाठ आली, तेव्हा या पठ्ठ्यानं आपल्या शवपेटीचं अस्तर स्वतःच शिवून ठेवलं, जांभळ्या मखमलीचं, काठाला झालर लावून. गाठ आठवड्यात बसली. मखमल वाया जाऊ नये म्हणून मालक सालुस्तियानोनं ती आपल्या गाडीच्या सीटांना लावली, आणि अजून तो त्यावरच बसून चर्चमध्ये मिसेला जातो.

लग्न केलं नाही. घरी आई, तेओदोरा, आमच्याकडे बाईला मानानं म्हणतात तशी न्या तेओदोरा, वय एक्याऐंशी. थोरली बहीण एल्बा ब्युनोस आयरेसला असते, तिथून फोन करते आणि सल्ले देते. मायलेकांचा एक नेम होता. रोज पहाटे चुलीपाशी बसायचं, गरम माते करायचा, म्हणजे पेल्यातल्या त्याच कडू पत्तीवर गरम पाणी ओतायचं, आणि एकाच पेल्यातून, एकाच नळीनं, आळीपाळीनं प्यायचा. तो ओतणार, ती पिणार, मग तो पिणार. बोलायचं कमीच. मी शेजारीच राहते, कुडाच्या फटीतून मला दोघांच्या पाठी दिसतात. चाळीस वर्षांत त्यांचा हा नेम मी एकदाच चुकलेला पाहिला होता, त्याच्या बापाला पुरला त्या दिवशी.

वर्कशॉपमध्येही ओतायचं काम अतिलानोकडेच. दहा वाजले की सहाजण उलट्या केलेल्या सीटांवर गोल करून बसायचे. बैलाच्या शिंगाचा एक पेला, चांदीची एक नळी. अतिलानो पाणी ओतून एकेकाला देणार, तो पिऊन परत करणार, मग पुढचा. पोट भरलं की परत करताना ‘ग्रासियास’, धन्यवाद, म्हणायचं, म्हणजे पुढच्या फेरीत तुम्हाला वगळतात. तोवर गप्प प्यायचं. पहिल्याच घोटाला ग्रासियास म्हणणं म्हणजे भरल्या पंगतीत पान पालथं घालून उठणं.

आणि जुलैमधल्या, आमच्याकडच्या ऐन थंडीतल्या, एका गुरुवारी अतिलानोनं नेमकं तेच केलं. सगळ्यांना ओतलं, स्वतःची पाळी आली तशी म्हणाला, “ग्रासियास.” मग खिशातून रुमालात गुंडाळलेली एक पत्र्याची नळी काढली, एक प्लॅस्टिकचा पेला काढला, आणि कोपऱ्यात पाठ फिरवून एकटाच प्यायला.

मी समोरून बघत होते. माझ्या हातातला बत्ता थांबला.

“काय रे,” सालुस्तियानो म्हणाला, “आमच्या तोंडांना वास यायला लागला काय?”

“तसं नाही, मालक.”

“मग कसं? वीस वर्षं पितोयस आमची थुंकी, आज चव बिघडली होय?”

अतिलानोनं नळी परत रुमालात गुंडाळली. शुक्रवारी तेच, शनिवारी तेच, पुढचा आठवडाभर तेच. सालुस्तियानोनं निष्कर्ष काढला की हा हायवेवरच्या दुसऱ्या वर्कशॉपला जाऊन मिळतोय, आणि रागानं त्याला सगळ्यात घाणेरडी कामं द्यायला लागला, लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या संडासाजवळच्या सीटा. बाकीच्यांनी ठरवलं की तो कुठल्याशा नव्या पंथाच्या प्रार्थनेला जायला लागला असणार. मला दोन्ही पटेना, कारण मला आणखी एक गोष्ट दिसत होती. हा गडी दर अर्ध्या तासाला दुरुस्तीला आलेल्या बसच्या आरशापुढे उभा राहायचा आणि जीभ बाहेर काढून बघायचा. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे.

पुढच्या शुक्रवारी दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, तो माझ्या टेबलाशी आला. थर्मास पुढे केला आणि इकडेतिकडे बघत म्हणाला, “न्या ब्रिजिदा, जरा सार्सापारिया कुटा. भरपूर.”

सार्सापारियाचं मूळ आमच्याकडे रक्त साफ करायला मागतात. आणि पुरुषमाणूस ते मागताना आवाज खाली आणतो, तेव्हा रक्त कुठून घाण झालंय असं त्याला वाटतंय ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

“कोण ती?” मी विचारलं.

त्याचे कान लाल झाले. “कोणी नाही.”

“कोणी नाहीपासून रक्त घाण होत नसतं. बस खाली. आणि आधी जीभ दाखव.”

त्यानं दाखवली. टोकाजवळ एक पांढरट फोड होता, मुगाएवढा.

मग सगळं बाहेर आलं. बाई म्हणजे नीमिया, क्रॉसिंगवर बसमध्ये चढून चीपा, चीजचे पाव, विकते ती. डोक्यावर टोपली, अंगाला चीजचा आणि बडीशेपेचा वास, नवरा दहा वर्षांपूर्वी स्पेनला गेला तो तिथलाच झाला. चांगली बाई आहे, वजनात कधी मारत नाही. तेरा दिवसांपूर्वी दुपारी ती टोपली घेऊन वर्कशॉपमध्ये आली. बाकीचे झोपले होते. अतिलानोनं नुकतीच एका बसची मागची लांब सीट शिवून संपवली होती. ती म्हणाली, बघू तरी मऊ झालीय का. त्यानं म्हटलं, बस.

“पुढचं मला सांगू नकोस,” मी म्हणाले, “पण टोपी घातली होतीस का?”

“घातली होती.”

“फाटली?”

“नाही. पण न्या ब्रिजिदा, ते पाकीट माझ्या हत्यारांच्या पेटीत होतं. सुयांमध्ये. तुम्हाला माहिताहेत माझ्या सुया, वाकड्या, विळ्यासारख्या. एखादी आरपार गेली असेल तर? इतकं बारीक भोक डोळ्याला दिसतं का?”

“किती वेळ चाललं?”

त्यानं थर्मासचं झाकण उघडलं, परत लावलं. मग म्हणाला, “रस्त्यावरून एक आइस्क्रीमची गाडी गेली. तिचं गाणं सुरू झालं, आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत.”

मी हसले, कबूल करते. बावीस वर्षांच्या धंद्यात एवढं मी क्वचित हसले असेन. तो बिचारा मान खाली घालून बसला होता आणि मी खलाला धरून हसत होते.

“हसा,” तो म्हणाला. “जिभेवर हे उठलंय. पहिली खूण असते म्हणे. मोबाइलवर बघितलं मी. फोटोसकट.”

“आणि म्हणून नळी वेगळी केलीस?”

“मग काय करू? सहा जणांची घरं आहेत. माझ्या तोंडून त्यांच्या तोंडात जायचं. आणि घरी...” त्यानं घराच्या दिशेनं बघितलं. “घरी आई आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि हसू आटलं. कारण आदल्याच संध्याकाळी न्या तेओदोरा माझ्याकडे येऊन गेली होती. जुनी कापडी पिशवी उसनी मागायला. म्हणाली, शनिवारी सकाळच्या बसनं एल्बाकडे जातेय, कायमची. मी विचारलं का, तर तिनं पिशवीची घडी घातली, मोडली. मग म्हणाली, “पहाटे मी दात काढून ठेवते ना ब्रिजिदा, माते पिताना. नवी कवळी गरमानं सैल होते. पोराला किळस येते बघ. आठ दिवस झाले, माझ्या नळीला तोंड लावत नाही. स्वतःची घेऊन बसतो, दाराकडे तोंड करून. बरोबर आहे त्याचं. मी आरशात बघते तर मलाही येते.”

कवळी अतिलानोनंच करून दिली होती, जूनमध्ये, वर्षभर पैसे साठवून.

मी त्याला हे सगळं सांगितलं. शब्द न गाळता. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता खरंच आजारी पडतोय.

“मला वाटलं ती एल्बाकडे फिरायला चाललीय,” तो म्हणाला.

“एक्याऐंशीव्या वर्षी? अठरा तास बसमध्ये बसून, फिरायला? आजच्या आज आईला खरं काय ते सांग.”

“सांगू काय? आई, मी तुझ्यापासून लांब बसतो कारण मी बसच्या मागच्या सीटवर... आणि समजा मला खरंच झालं असेल तर? आठ दिवसांआधी चार दिवस मी प्यालोय तिच्या नळीनं.”

“मग आधी तपासून घे. सरकारी दवाखान्यात बोटातून थेंबभर रक्त घेतात, अर्ध्या तासात सांगतात, फुकट.”

“आणि हो म्हणाले तर?”

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो असा. मी छत्री मिटली, खल टेबलाखाली ढकलला आणि त्याच्या शर्टाची बाही धरली. रस्त्यानं मी त्याला ओढत नेत होते आणि कुंपणाआडून बायका बघत होत्या. माझी अब्रू किती शिल्लक राहिली ते मी अजून मोजलेलं नाही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर एकच बाई बसली होती, मांडीवर टोपली घेऊन. नीमिया.

अतिलानो जागच्या जागी वळला. मी बाही सोडली नाही.

“तू इथं?” तो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. “म्हणजे तुला माहीत होतं. तुला काहीतरी आहे.”

“मला?” नीमिया उठून उभी राहिली. टोपलीवरचं फडकं खाली पडलं. “मी तुझ्यामुळे आलेय रे, बाबा. आठवडाभर क्रॉसिंगवरचे ड्रायव्हर सांगताहेत, अतिलानो दिवसातून वीस वेळा आरशात जीभ बघतो, नळी वेगळी केलीय, कुणाचं उष्टं पीत नाही. मी म्हटलं, झालं. यानं मला दिलं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. काल दोन घाण्या चीपा करपल्या.”

“पण मी तर बघत होतो कारण मला वाटलं तू...”

“मी काय? दहा वर्षांत तू पहिला. आणि तोही काय, आइस्क्रीमची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत.”

गाडी तिनंही ऐकली होती तर. मी भिंतीकडे तोंड केलं.

आतून नर्स आली. पोरगी विशीची, पण तोंड चाळिशीचं. तिनं दोघांना एकदमच आत घेतलं, म्हणाली वेगवेगळं ऐकायला मला वेळ नाही आणि तुम्हालाही एकमेकांपासून लपवायला काही उरलेलं दिसत नाही. मी दारात उभी राहिले. मला कुणी जा म्हटलं नाही.

तिनं आधी पाकिटाचं विचारलं, सुयांचं विचारलं. “सुई गेली असती तर पाकिटातली हवा गेली असती आणि रबर वापरतानाच फाटलं असतं, काका. फाटलं नाही ना? मग झालं. धोका नगण्यच म्हणायचा. जीभ काढा.” अतिलानोनं काढली. तिनं टॉर्च मारला. “दुखते?”

“खूप.”

“सिफिलिसचा फोड सहसा दुखत नाही. हे भाजलंय. गरम काय प्यालात?”

अतिलानो विचार करायला लागला. मला आठवलं तेवढ्यात त्यालाही आठवलं. त्याच्या आईच्या चुलीवर बरेच दिवस रोज पाणी उकळून जात होतं. मातेचं पाणी उकळू द्यायचं नसतं, पण म्हातारीला हल्ली किटलीचा आवाज ऐकू येत नाही. आणि आठ दिवस हा तोच उकळता माते एकटा, घाईघाईनं, दाराकडे तोंड करून ढोसत होता. फोड बसणार कसा?

नर्सनं दोघांच्या बोटांना टोचलं. अर्धा तास दोघं बाकाच्या दोन टोकांना बसली. मध्ये टोपली. मी एक चीपा उचलून खाल्ला, तेव्हा नीमियानं न बघता फडकं नीट केलं आणि एक काढून अतिलानोपुढे धरला. त्यानं घेतला. चघळताना जीभ दुखली तसा तो कळवळला, आणि नीमियाला हसू आलं.

दोघांचंही काही निघालं नाही. एचआयव्ही नाही, सिफिलिस नाही.

“पण ऐका,” नर्स म्हणाली, “आजची तपासणी जुनं काही आहे का तेवढंच सांगते. त्या दुपारचं पक्कं कळायला दीड महिन्यानं एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा या. घाबरायचं म्हणून नव्हे, पद्धत आहे म्हणून. तुम्ही एकमेकांना आतापर्यंत लावलीत ती फक्त भीती.”

अतिलानोनं तिच्या हातातला कागद दोन्ही हातांनी धरला. “मग तोवर आईच्या नळीनं...”

“काका, नळीतून सर्दी लागते. हे रोग नळीबिळीतून फिरत नाहीत. खुशाल प्या. पाणी तेवढं उकळू देऊ नका.”

बाहेर पडल्यावर मला वाटलं, सुटलो. पण हा गृहस्थ घराच्या फाटकापर्यंत गेला आणि तिथून परत फिरला. संध्याकाळी दोनदा गेला, दोनदा फिरला. कागद हातात आहे, पण आईला सांगायचं काय? तिसऱ्यांदा तो माझ्या दारात आला. “न्या ब्रिजिदा, पहाटे तुम्ही या. मला एकट्याला बोलता येणार नाही.”

शनिवारी पहाटे थंडी कडाक्याची होती. मी गेले तर म्हातारी आंघोळ करून, केस विंचरून, बाहेरच्या कपड्यांत चुलीपाशी बसलेली. माझी पिशवी दाराशी, भरलेली, वर दोरी बांधलेली. कवळी तोंडात होती. माते प्यायला पहिल्यांदाच तिनं ती घातली होती, आणि ती नीट बसत नसल्यामुळे तिचं बोलणं सरकत होतं.

अतिलानोनं पाणी तापवलं. या वेळी उकळू दिलं नाही. पेल्यात पत्ती भरली, आईची चांदीची नळी लावली, पहिला घोट आज स्वतः घेतला, तिच्या नळीला तोंड लावून. मग भरला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं पेल्याकडे बघितलं, हात पुढे केला नाही. “उगाच नको करूस पोरा. मी जातेच आहे.”

“आई, मला किळस नव्हती आली.” त्यानं पेला तिच्यापुढे तसाच धरून ठेवला. “मला वाटलं मला रोग झालाय. घाणेरडा. बाईपासूनचा. मला वाटलं तुला लागेल.”

मी चुलीतल्या लाकडांकडे बघत राहिले. न्या तेओदोरानं कवळी काढली, शालीच्या टोकानं पुसली आणि मांडीवर ठेवली.

“कोण बाई?”

“नीमिया. चीपावाली.”

“बरी आहे. आणि झालाय का?”

“नाही. तपासलं. परत दोनदा तपासायचंय, पण नाही.”

“बावळट.” आता तिचं बोलणं सरकत नव्हतं. “तुझा बाप पारानाच्या जंगलातून लाकूडतोड करून आला, तेव्हा सिफिलिस घेऊन आला होता. खराखुरा. मलाही दिला. चार महिन्यांची पोटुशी होते मी, तू पोटात होतास. तेव्हाच्या नर्सनं दोघांना ओळीत उभं केलं, तीन सोमवार, दर सोमवारी कमरेत एक सुई. मी दर वेळी त्याला शिव्या घातल्या आणि तो रडला. मग घरी येऊन आम्ही याच नळीनं माते प्यालो. आणि तू आठ दिवस मला पाठ दाखवून बसलास, कशासाठी, तर नसलेल्या रोगासाठी.”

अतिलानोनं किटली खाली ठेवली. “म्हणजे मला पोटात...”

“तुला पोटातच बरा केला. जन्माआधीचा बरा झालेला आहेस तू.” तिनं त्याच्या हातातून पेला घेतला. “सांगायला काय झालं होतं? मी तिकडे एल्बाकडे निघाले होते, जिथे मातेत साखर घालतात.”

तिनं बोळक्या तोंडानं नळी धरली आणि पेला रिकामा होईपर्यंत ओढला, तळाचा आवाज होईपर्यंत. परत दिला. अतिलानोनं भरला, रिकामा केला, पुन्हा भरला. मी बाजूला बसून मोजलं नाही असं म्हणेन तर खोटं. म्हातारी नऊ वेळा प्यायली. पाणी गार झालं, पत्ती फिकी पडली, बाहेर बस स्टँडवर ब्युनोस आयरेसच्या गाडीचा हॉर्न दोनदा वाजला, आणि तिनं एकदाही ग्रासियास म्हटलं नाही.